पंडिता रमाबाई : देणगीचा पैसा आणि देणगीदारांना दिलेला शब्द

वाचकहो, संस्था काढणाऱ्या थोर माणसांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. त्यांत त्यांची विद्वत्ता असते, त्याग असतो, विरोधकांशी झालेले झगडे असतात. पण संस्था चालली ती कोणाच्या पैशावर, तो पैसा मागितला कसा, देणाऱ्याने देताना कोणती अट घातली आणि घेणाऱ्याने ती किती पाळली, हा भाग चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकून टाकतात. पावतीपुस्तक खिशात घालून एखाद्या शाळेसाठी किंवा मशिदीच्या दुरुस्तीसाठी ज्यांनी उंबरठे झिजवले आहेत, त्यांना मात्र ठाऊक आहे की संस्थेचे अर्धे आयुष्य याच भागात जाते.

सर सय्यद अहमद खान आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजी यांच्या शैक्षणिक कार्याची माहिती तुम्हांला आहेच. आज मी तुमच्यापुढे जे चरित्र ठेवीत आहे ते एका बाईचे आहे, आणि ती बाई आपल्या धर्माची नव्हे. जन्माने ती ब्राह्मण होती, पुढे ख्रिस्ती झाली. परंतु परक्या मुलखात जाऊन, परक्या भाषेत, हजारो अनोळखी माणसांकडून दहा वर्षांच्या देणगीचे वचन घेऊन येणारी महाराष्ट्रातली पहिली व्यक्ती बहुधा तीच असावी. ते वचन सांभाळताना तिची जी ओढाताण झाली ती कोणत्याही जमातीच्या संस्थाचालकाने जाणून घ्यावी अशी आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथे, भर अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर भागातले चित्पावन ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविणे त्या काळी लोकांना रुचले नाही, तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडून रानात आश्रम थाटला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या आणि विद्यार्थ्यांच्या आदरातिथ्यात होती नव्हती ती मिळकत संपली. मग हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते वर्षानुवर्षे फिरतच राहिले. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे. ऐकणाऱ्याने श्रद्धेने पैसा, धान्य, फळ ठेवले तर घ्यायचे. न ठेवले तर उठून पुढच्या गावी जायचे. हात पसरायचा नाही, असा शास्त्रीबुवांचा दंडक होता. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला कोणी उरले नाही. आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही एकामागून एक गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास एवढे दोघे उरले.

हे मी मुद्दाम सांगितले. दान घेणाऱ्याच्या घरात वाढलेली ही मुलगी होती. दान कधी मिळते आणि कधी आटते हे तिने पोटाने शिकले होते. पुढे तिने उभारलेल्या प्रत्येक योजनेत या शिकवणीची खूण दिसते.

भावंडे पायी भटकत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. तो जातीबाहेरचा होता. दीडेक वर्षातच, 1882 च्या फेब्रुवारीत, पटकीने पती गेले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी. चोवीस वर्षांची ही विधवा पुण्यास आली, तिने आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर 1883 साली त्या विलायतेस गेल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी कोणापुढे पदर पसरला नाही, हे लक्षात ठेवा.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथेही फुकट खायचे नाही, म्हणून पुण्याकडे येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकविले. 29 सप्टेंबर 1883 रोजी तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या व शिकवूही लागल्या. आता कोणासही वाटेल की अन्नवस्त्र आणि शिक्षण देणाऱ्या आश्रयदात्यांपुढे त्या मान तुकवून राहिल्या असतील. तसे घडले नाही. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे पत्रोपत्री वाद झाले, आणि तेही धर्मसिद्धांतांवर. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती ना मला कळतात ना माझ्या देशभगिनींना, संस्कृत का नको, असाही त्यांचा एक आक्षेप होता. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. उपकार घेतले म्हणून बुद्धी गहाण टाकायची नाही, हा बाणा त्यांनी पंचविशीतच दाखविला. भगिनींना तो उद्धटपणा वाटला. मला वाटते, दोन्ही बाजूंना थोडी थोडी कारणे होती.

1886 च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेस निघाल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. तो समारंभ 11 मार्च रोजी फिलाडेल्फियात झाला. काही आठवडे राहून परतायचे, असा बेत होता. राहिल्या त्या अडीच वर्षांहून अधिक, आणि आपल्या विषयाचा गाभा याच काळात आहे.

रमाबाईंच्या मनात उच्चवर्णीय बालविधवांसाठी एक निवासी शाळा काढायची होती. पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. त्यांनी काय केले ते नीट पाहा. प्रथम त्यांनी तो देश समजून घेतला. शाळा पाहिल्या, लहान मुलांना खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, स्त्रियांच्या मंडळ्यांच्या सभांना जाऊन बसल्या. अमेरिकेत बायका एकत्र येऊन वर्गणी कशी जमवतात, सभेचे इतिवृत्त कसे लिहितात, हिशेब कसा छापतात, हे त्यांनी बारकाईने टिपले. पुढे 1889 मध्ये मराठीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात त्यांनी या स्त्रीमंडळांचे वर्णन कौतुकाने केले आहे. त्यानंतर 1887 साली त्यांनी इंग्रजीत ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आनंदीबाईंच्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. अनोळखी लेखिकेच्या पुस्तकाला ओळखीच्या माणसाची जामीनकी हवी असते, ती अशी मिळाली. पुस्तकात हिंदू स्त्रीची स्थिती सांगितली आहे आणि शेवटचे प्रकरण म्हणजे सरळ विनंतीपत्र आहे. एवढे दुःख वाचून झाल्यावर वाचकाने काय करावे, हे लेखिकेने त्याच्यावर सोडले नाही. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आणि तो पैसाही कार्यास लागला.

13 डिसेंबर 1887 रोजी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते, दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड होत्या, डॉ. बॉडली होत्या. गावोगाव रमाबाई सर्कल नावाची मंडळे निघाली. मंडळात मुख्यतः बायका. प्रत्येकीने वर्षाकाठी लहानशी वर्गणी, असे दहा वर्षे द्यायचे. मोठ्या धनिकाच्या एका चेकापेक्षा ही पद्धत कष्टाची. पण तिच्यात एक शहाणपण आहे. धनिकाचे मन फिरले की संस्था बसते. हजार बायकांचे मन एकाच दिवशी फिरत नाही. आणि दहा वर्षांचा शब्द हाती असल्यामुळे शिक्षिकांचे पगार कोठून देणार ही चिंता दर महिन्याला करावी लागत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मासिक वर्गणीवर कोकणातल्या कितीतरी शाळा उभ्या राहिल्या, त्यामागचे गणित यापेक्षा वेगळे नाही.

आता अट पाहा. या मंडळात निरनिराळ्या पंथांची माणसे होती आणि धर्मशिक्षण कोणत्या पद्धतीने द्यावे यावर त्यांचेच एकमत होणे नव्हते. शिवाय ब्राह्मण पालक आपली मुलगी मिशनच्या शाळेत धाडणार नाहीत, हे रमाबाई जाणून होत्या. तेव्हा ठरले की शाळेत कोणत्याच धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. मुलींनी आपले आचार पाळावेत, त्यात कोणी हात घालू नये. असोसिएशनने या बोलीवर पैसा गोळा केला आणि रमाबाईंनी ही बोली मान्य केली. वक्फ करणाऱ्याने घातलेली अट शास्त्रवचनासारखी पाळावी, असे आपल्याकडे फिकहची पुस्तके सांगतात. तेव्हा अशा बोलीचे वजन किती असते हे तुम्हांला निराळे समजावून सांगायला नको.

1889 च्या फेब्रुवारीत रमाबाई जपानमार्गे मुंबईस उतरल्या आणि 11 मार्च रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या आपल्याच कोकणातल्या, देवरुखच्या गोदूबाई जोशी. पुढे 1893 साली मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. 1890 च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर आली. अमेरिकेचा पैसा आणि पुण्याची प्रतिष्ठा अशा दोन खांबांवर शाळा उभी राहिली. स्वयंपाकघरात जातीचे नियम पाळले जात. मुलींवर ख्रिस्ती प्रार्थनेची सक्ती नव्हती. इतकी की काही मिशनऱ्यांनीच रमाबाईंवर ठपका ठेवला: स्वतः ख्रिस्ती असून शाळेत धर्माचे नाव नाही, हे कसले ख्रिस्तीपण! इकडे केसरीची टीका चालूच होती की हे मिशनचेच छुपे काम आहे. दोन्हीकडून मार खाणारी माणसे बहुधा मध्यावर उभी असतात. पण नेहमीच असतात असे नाही, म्हणून पुढचे वाचा.

रमाबाई स्वतः सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. आईजवळ पोर जाते तशा काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, आणि कोणाला घालवूनही दिले नाही. सल्लागार मंडळींचे म्हणणे होते की पालकांच्या परवानगीवाचून हे चालू देणे म्हणजे शब्द मोडणे होय. रमाबाईंचे म्हणणे होते की शाळेच्या वर्गात धर्म शिकविणार नाही असे मी कबूल केले; माझ्या घरात माझा धर्म झाकून ठेवीन असे कबूल केलेले नाही. तंटा वाढला. 1893 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने चौकशीअंती रमाबाईंचीच बाजू घेतली आणि पैसा चालू ठेवला. पुढे 1895 साली सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा विरोधकांना आपले म्हणणे खरे झाल्यासारखे वाटले.

वाचकहो, येथे निवाडा करायचा तर कसा करावा? अक्षराला धरून पाहिले तर रमाबाईंनी करार मोडला नाही. पैसा देणाऱ्यांनीच तसे सांगितले, मग प्रश्न उरतो कुठे? माझ्या मते प्रश्न उरतो. संस्थेला देणारे केवळ डॉलर देणारे नव्हते. ज्या बापाने, ज्या भावाने लोकनिंदा सोसून आपली विधवा मुलगी किंवा बहीण या घरात ठेवली, त्याने डॉलरहून मोठी ठेव ठेवली होती. त्याने बोस्टनची घटना वाचलेली नव्हती. धर्माला हात लागणार नाही, एवढेच त्याने ऐकले होते; आणि त्याच्या लेखी घरातले उघडे दार म्हणजे शाळेचेच दार होते. ज्यांचा पैसा आला त्यांचे समाधान रमाबाईंनी केले. ज्यांची मुले आली त्यांचे समाधान त्या करू शकल्या नाहीत. 1896 मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी निराळा आश्रम काढला. ज्या घरांना शारदा सदनाची धास्ती होती त्यांना तो जवळचा वाटला. त्या आश्रमासाठी पुढे बाया कर्वेही वर्गणी मागत हिंडल्या. अमेरिकन बायकांच्या वर्गणीवर शिकलेली पहिली मुलगी अशी दुसऱ्या संस्थेची झोळी घेऊन निघाली, हेही एक नवलच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रमाबाईंना आपला धर्म लपवायला सांगणे हे तरी कितपत न्याय्य होते? बाईने बापाचे ऐकले नाही, पंडितांचे ऐकले नाही, मठातल्या भगिनींचे ऐकले नाही, ती पुण्याच्या पुढाऱ्यांचे ऐकून आपल्या खोलीचे दार लावून घेईल, ही अपेक्षाच चुकीची होती. रानड्यांसारख्या जाणत्या माणसाला हे कळत नसेल असे नाही. पण पालकांचे ओझे त्यांच्या खांद्यावर होते.

याच सुमारास आणखी एक वाद झाला, तोही देणगीशीच निगडित आहे. स्वामी विवेकानंद त्या वेळी अमेरिकेत होते आणि हिंदू विधवांच्या हालांची जी चित्रे तेथे रंगविली जात त्यांना त्यांनी हरकत घेतली. ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलमधल्या स्त्रिया चिडल्या. 1895 साली हा वाद वर्तमानपत्रांतून गाजला. विवेकानंदांनी एका व्याख्यानाचे उत्पन्न बंगालमधील शशिपद बॅनर्जी यांच्या विधवांच्या शाळेस देऊन आपले उत्तर दिले. यात कोण खरे, कोण खोटे, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. विधवांचे हाल खरे होते आणि रमाबाईंनी ते जवळून पाहिले होते. पण आपल्या समाजाचे दुःख परक्यांपुढे मांडून मदत मागताना चित्र जितके काळे तितकी थैली जड, असा मोह असतो. रमाबाईंच्या पुस्तकात निदान आकडे आहेत, शास्त्रवचने आहेत, मागणी काय हे स्पष्ट आहे. त्यांच्यामागून बोलणाऱ्या सर्व मंडळांनी तेवढा संयम पाळला असेल, याची हमी देता येत नाही. जकातीचे आवाहन करताना अनाथ पोराचा फोटो छापावा की नाही, असा प्रश्न ज्या कमिटीला पडतो ती कमिटी मला भली वाटते.

आता पुन्हा पैशाकडे वळू. दहा वर्षांची मुदत 1898 च्या सुमारास संपणार होती. रमाबाई त्याची वाट पाहत बसल्या नाहीत. मुदत संपण्यापूर्वी बरीच वर्षे त्यांनी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळबाग लावली. उद्देश असा की अमेरिकेची वर्गणी थांबेल तेव्हा बागेचे उत्पन्न सुरू झालेले असावे. देवगडच्या वाचकाला याचे मर्म सांगायला नको. हापूसचे कलम लावणारा पहिल्या वर्षी पेटी मोजत नाही. पाच-सात वर्षे खत, पाणी, राखण केल्यावर झाड हाताशी येते. म्हणजे दात्याचा हात आखडण्याच्या दिवसापासून उलटे मोजीत झाड लावावे लागते. आपल्याकडच्या अनेक संस्था देणगी थांबल्यावर उत्पन्नाचे साधन शोधू लागतात. रमाबाईंनी देणगी भरात असताना ते शोधले. घरोघर पुराण सांगून जगलेल्या बापाची ही लेक होती, ओवरीतली गर्दी कधी पांगते ते तिला माहीत होते.

बाग पुरती फळाला येण्याआधीच दुष्काळ आला. 1896-97 साली मध्य प्रांतात लोक उपाशी मरू लागले. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी ना बोस्टनची मंजुरी होती ना पैशाची तरतूद. असोसिएशनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होता, दुष्काळग्रस्त सर्व जातींच्या मुलींसाठी नव्हता. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि निर्बंधांमुळे या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावच्या शेतात झोपड्या, छपरे उभारून त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. आणि येथे रमाबाईंनी एक गोष्ट चोख केली, तिच्याकडे लक्ष वेधतो. नव्या कामाचा खर्च जुन्या निधीत मिसळू दिला नाही. शारदा सदन निराळे, मुक्ती निराळी. एकाला बोस्टनच्या अटी, दुसरीला नाहीत. एका हेतूने आलेला पैसा दुसऱ्या चांगल्या हेतूला वापरला तर काय बिघडले, असे म्हणणारे विश्वस्त सर्वत्र भेटतात. बिघडते ते हे की पुढच्या वर्षी दाता विचारतो आणि तुमच्यापाशी उत्तर नसते. हिशेबाकडे दुर्लक्ष झाले की थोर माणसाची संस्थाही कशी हादरते, याचे उदाहरण त्याच काळातले आहे: 1895 मध्ये अलीगढ कॉलेजच्या एका कारकुनाने लाखाहून अधिक रुपयांचा अपहार केल्याचे उघडकीस आले, आणि त्या धक्क्यातून वृद्ध सर सय्यद पुरते सावरले नाहीत.

1898 मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. दहा वर्षांचा हिशेब असोसिएशनपुढे ठेवला गेला. मुदत संपली, जुने मंडळ विसर्जित होऊन अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने नवे मंडळ निघाले आणि शारदा सदनाची मालमत्ता रमाबाईंच्या स्वाधीन करण्यात आली. दहा वर्षांपूर्वी एक अनोळखी विधवा या लोकांकडे आली होती. आता ते लोक आपण उभारलेली इमारत तिच्या नावे करून देत होते. देणगीदाराशी संबंध राखणे म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या वाचनात नाही.

यापुढे रमाबाईंनी पद्धतच बदलली. ठराविक मुदतीची वचने घेणे त्यांनी सोडले. जॉर्ज म्यूलर या इंग्लंडमधील अनाथालय चालकाचे चरित्र त्यांनी वाचले होते. माणसांपाशी मागायचे नाही, देवापाशी मागायचे, आणि जे येईल त्यावर चालवायचे, अशी त्याची रीत होती. रमाबाई त्या वाटेने गेल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार माणसे जेवत होती. इतक्या मुखांचा खर्च केवळ प्रार्थनेवर चालला, असे कोणी म्हणेल तर मी एवढेच म्हणेन की प्रार्थनेबरोबर टपालही चालू होते. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे पत्रक इंग्रजीत निघे. त्यात काय घडले, किती मुली आल्या, कशाची अडचण आहे, हे लिहिलेले असे. ते इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जाई. मनोरमा मोठी होऊन आईच्या हाताखाली आली आणि तीही ऑस्ट्रेलियात जाऊन कार्याची माहिती देऊन आली. मागायचे नाही पण कळवायचे, हाही मागण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, असे मला वाटते. त्यात काही कमीपणा नाही.

मुक्ती आता उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. देणाऱ्यांची इच्छा आणि चालविणारीची श्रद्धा एक झाली होती, त्यामुळे 1893 सारखा पेच पुन्हा आला नाही. पण ज्या मुली तेथे आल्या त्या दुष्काळात पोरक्या झालेल्या होत्या. भुकेल्या पोरीला धर्म निवडण्याची मोकळीक कितपत असते, हे विचारणे गैर नाही. अन्न देणारा कोणत्याही धर्माचा असो, हा प्रश्न त्याला लागू होतो. रमाबाईंच्या चाहत्यांनी तो टाळू नये, आणि टीकाकारांनी हेही विसरू नये की त्या मुलींना न्यायला इतर फारसे कोणी आले नव्हते.

मुक्तीत आलेल्या मुलींना रमाबाईंनी बसून खाऊ दिले नाही. माग होते, शेती होती, दुभती जनावरे होती, छापखाना होता. अंध मुलींसाठी शिक्षणाची सोय केली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. बागेचे, मागाचे, शेतीचे उत्पन्न दोन हजारांना पुरणारे नव्हते हे खरे. तरी आपल्या घासातला काही भाग आपल्या हातचा आहे, हे प्रत्येकीला कळावे अशी व्यवस्था होती.

1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोवर कान अधू झाले होते, प्रकृती खालावली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले होते. तेच काम शेवटपर्यंत चालू होते आणि त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथल्या मुलीच करीत. आपल्यामागे मनोरमा सारे सांभाळील या भरवशावर त्या होत्या. 1921 च्या जुलैत मनोरमाच गेली. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव हे लहानसे स्टेशन लागते. तेथे मुक्ती मिशन अजून चालू आहे, आणि निराधार बायका-मुलींना अजून तेथे आसरा मिळतो.